नेटवर्कच्या देखरेखीत नाव कोणाचे? सामाईक आणि खासगी नेमस्पेसचा आढावा

नेटवर्कची देखरेख करणाऱ्या सॉफ्टवेअरला प्रत्येक गोष्टीचे नाव लागते. राउटरचे, त्याच्या एकेका पोर्टचे, पोर्टवरून गेलेल्या बाइटच्या मोजणीचे, फायबरमधून पोचणाऱ्या प्रकाशाच्या ताकदीचे आणि वीज जाताना यंत्राने पाठवलेल्या शेवटच्या निरोपाचेही. ही नावे एकमेकांवर आदळू नयेत म्हणून त्यांची चौकट आखून द्यावी लागते. त्या चौकटीला नेमस्पेस म्हणतात. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला किंवा यंत्र बनवणाऱ्या कंपनीला सुरुवातीलाच ठरवावे लागते की आपली नावे सर्वांच्या सामाईक चौकटीत बसवायची, की स्वतःची खासगी चौकट घ्यायची. सामाईक चौकटीत नावाचा अर्थ एखादी मान्य संस्था ठरवते, तो सर्वांना एकच असतो आणि सावकाश बदलतो. खासगी चौकटीत मालक हवे ते नाव हवे तेव्हा देऊ शकतो, पण त्याचा अर्थ मालकाच्या कागदपत्रांतच सापडतो. निर्णय लहान वाटतो, मात्र यंत्र भंगारात गेल्यावरही त्याचे परिणाम उरतात.

चंद्रपूर आणि गडचिरोली या जंगलाच्या जिल्ह्यांत नावांचा पेच संगणकाच्या आधीपासून आहे. मेंढा नावाचे गाव इथे एकच नाही. धानोरा तालुक्यातले, ग्रामसभेच्या कारभारामुळे देशभर माहीत झालेले गाव शेजारच्या लेखा गावाच्या आधाराने मेंढा (लेखा) म्हणून ओळखले जाते. सिंदेवाही तालुक्यातले मेंढा (माल) ठरते. सिंदेवाहीकडचे पळसगाव (जाट), तर चिमूर तालुक्यातले पळसगाव (पिपर्डा). गावात राहणाऱ्याला कंसातला शब्द लागत नाही, तो नुसते पळसगाव म्हणतो आणि ऐकणाऱ्याला ते बरोबर कळते. जिल्ह्याच्या यादीत मात्र कंसाशिवाय भागत नाही. नाव पुरेसे आहे की अपुरे, हे ते किती मोठ्या वर्तुळात वापरले जाणार यावर ठरते. नेमस्पेसचा सगळा विचार या एका गोष्टीवर उभा आहे.

वर्तुळेही बदलतात. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, तेव्हा शेकडो गावांच्या पत्त्यातला जिल्हा एका दिवसात बदलला. गावे जागची हलली नाहीत. त्याआधी चांदा जिल्ह्याचे चंद्रपूर झाले होते, पण रेल्वेच्या नामावलीत चांदा फोर्ट हे स्थानक आजही आहे आणि महसूल खाते ज्याला नागभीड लिहिते त्याला रेल्वे नागभीर म्हणते. २०११ च्या जनगणनेत गडचिरोलीचा क्रमांक ५०८ आणि चंद्रपूरचा ५०९ आहे. गाड्यांच्या नंबरप्लेटवर हेच जिल्हे एमएच ३३ आणि एमएच ३४ होतात. आपापल्या चौकटीत यातला प्रत्येक क्रमांक अचूक आहे. अडचण दोन चौकटी जोडायची वेळ आली की सुरू होते, आणि नेटवर्कची देखरेख म्हणजे बहुतांशी चौकटी जोडण्याचेच काम असते.

संगणक नेटवर्कच्या जगात या प्रश्नाला पहिले मोठे उत्तर १९८८ मध्ये मिळाले. त्या वर्षी ऑगस्टमध्ये एसएनएमपी या व्यवस्थापन-पद्धतीचे पहिले तपशील आरएफसी या इंटरनेटच्या मानक-दस्तऐवजांच्या मालिकेत १०६५, १०६६ आणि १०६७ या क्रमांकांनी प्रसिद्ध झाले. त्यांनी नावांसाठी आकड्यांचे एक झाड वापरले. प्रत्येक फांदीला क्रमांक, आणि मुळापासून पानापर्यंतचे क्रमांक ओळीने लिहिले की ते त्या वस्तूचे जगभरात एकमेव नाव. इंटरनेटची सगळी नावे १.३.६.१ या फांदीखाली येतात. तिच्या उपफांद्यांपैकी तीन इथे महत्त्वाच्या: २ ही मान्य व्यवस्थापनाची, ३ ही प्रयोगांची आणि ४ ही खासगी. सामाईक आणि खासगी यांची वाटणी झाडाच्या बुंध्यापाशीच केली गेली. दोघांनाही जागा दिली आणि मधली भिंत स्पष्ट ठेवली, हे त्या रचनाकारांचे मोठे शहाणपण होते.

सामाईक फांदीची ताकद मोजणीत दिसते. १.३.६.१.२.१.२.२.१.१० या नावाने विचारले की कोणत्याही कंपनीचे यंत्र आपल्या पोर्टवर आलेले बाइट सांगते. विचारणाऱ्याला कंपनीचे नाव माहीत असायची गरज नाही. १९९१ च्या मार्चमध्ये आरएफसी १२१३ ने या नावांची सुधारित यादी पक्की केली आणि आज तीन दशकांनंतरही तीच नावे चालतात. त्या काळचे सॉफ्टवेअर आजच्या स्विचला हा प्रश्न विचारू शकते आणि उत्तर मिळते.

पण या यादीत एक उणीव राहून गेली होती. मोजणीचा आकडा ३२ बिटांचा ठरवला होता, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ बाइट झाले की तो पुन्हा शून्यापासून सुरू होतो. शंभर मेगाबिटच्या पूर्ण भरलेल्या वाहिनीवर हे पावणेसहा मिनिटांच्या आत घडते. एका गिगाबिटवर सुमारे ३४ सेकंदांत. देखरेखीचे सॉफ्टवेअर दर पाच मिनिटांनी विचारत असेल तर गिगाबिट पोर्टवर मधल्या वेळात आकडा अनेकदा फिरून आलेला असतो आणि आलेख साफ चुकतो. ६४ बिटांची मोजणी १९९४ मध्ये आरएफसी १५७३ ने आणली, तीही जुने नाव न बदलता शेजारी नवे नाव देऊन. सामाईक चौकटीची शिस्त अशी असते. एकदा दिलेल्या नावाचा अर्थ बदलायचा नाही, चूक असली तरी जुने नाव तसेच ठेवून नवे जोडायचे. याने यादी वाढते, पण कोणाचे चालू सॉफ्टवेअर मोडत नाही.

सामाईक नाव असले म्हणून सगळे ते पाळतात असे नाही. प्रोसेसरवरचा भार सांगणारे सामाईक नाव १९९३ पासून आहे. आरएफसी १५१४ मध्ये ते आले आणि २००० मध्ये आरएफसी २७९० ने ते पुढे नेले. ते संगणकांसाठी आखले होते, त्यामुळे राउटर बनवणाऱ्यांनी त्याकडे फारसे पाहिले नाही आणि आपापल्या खासगी फांदीत तीच गोष्ट मोजली. सिस्कोने तर हा भार आधी एका नावाने, मग दुसऱ्या नावाने आणि नंतर त्या दुसऱ्याच्या सुधारित नावाने दिला. एकाच कंपनीच्या तीन पिढ्यांची यंत्रे असलेल्या नेटवर्कमध्ये एकाच प्रश्नासाठी तीन नावे जपावी लागतात. खासगी चौकटीत बदल सोपा असतो तो मालकासाठी. त्याची किंमत वापरणारा भरतो.

खासगी फांदीवर जागा मिळवणे अगदी सोपे ठेवले आहे. आयाना ही संस्था मागेल त्याला विनामूल्य क्रमांक देते आणि १.३.६.१.४.१ नंतर तो क्रमांक लावला की पुढचे सगळे उपक्रमांक त्या मालकाचे. आयबीएमला २, सिस्कोला ९, एचपीला ११, मायक्रोसॉफ्टला ३११, हुआवेला २०११, ज्युनिपरला २६३६, मिक्रोटिकला १४९८८. दिलेल्या क्रमांकांची संख्या साठ हजारांच्या पुढे गेली आहे आणि त्यांत विद्यापीठे, सरकारी खाती आणि एकट्याने काम करणारी माणसेही आहेत. जिल्हा परिषदेने मागितला तर तिलाही तो मिळू शकतो. ही सोय कमी लेखू नये, कारण खासगी नेमस्पेसची निम्मी बदनामी नोंदणी न केल्यामुळे झालेली आहे. नोंदणी केलेली खासगी फांदी कोणावर आदळत नाही. नोंदणीशिवाय मनाने उचललेला क्रमांक आज ना उद्या आदळतोच.

याचा एक सौम्य नमुना सर्वत्र आढळतो. प्रत्येक यंत्र आपण कोण हे सांगण्यासाठी एक ओळखक्रमांक देते आणि तो त्या कंपनीच्या फांदीतला असावा असा संकेत आहे. लिनक्सवर चालणारी कितीतरी स्वस्त यंत्रे नेट-एसएनएमपी हे मुक्त सॉफ्टवेअर जसेच्या तसे वापरतात आणि त्यातला मूळ ओळखक्रमांक १.३.६.१.४.१.८०७२.३.२.१० बदलण्याचे कष्ट घेत नाहीत. मग कॅमेऱ्याचा रेकॉर्डर, वायफायचे यंत्र आणि सर्व्हर हे तिघेही देखरेखीच्या पडद्यावर एकच होऊन बसतात. कंपनीकडे स्वतःचा क्रमांक नव्हता किंवा होता तो तिने लावला नाही, एवढ्या आळसातून हे घडते.

खासगी नावे मालकापेक्षा जास्त जगतात, हा अनुभव तर पुन्हा पुन्हा येतो. फाउंड्री या अमेरिकन कंपनीला १९९१ हा क्रमांक मिळाला होता. २००८ मध्ये ती ब्रोकेडने घेतली. पुढे ब्रोकेडचे तुकडे होताना तिचे स्विच रकसकडे आणि रकससह आधी एरिसकडे, नंतर कॉमस्कोपकडे गेले. यंत्रावरची पाटी प्रत्येक वेळी बदलली, पण आतली नावे अजूनही १९९१ च्याच फांदीखाली आहेत, कारण ती बदलली तर जगभरातल्या ग्राहकांची देखरेख मोडली असती. उपसर्गावरून नाव कोणी नोंदवले हे कळते. यंत्र आज कोणाचे आहे हे त्यावरून कळेलच असे नाही.

सिंदेवाहीच्या परिसरात या गोष्टीचे शेतीतले उदाहरण आहे. शेजारच्या नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी शेतात निवड करत करत भाताचे एचएमटी हे वाण घडवले आणि ते शेतकऱ्यांच्या हातोहात त्याच नावाने पसरले. १९९८ मध्ये कृषी विद्यापीठाने ‘पीकेव्ही एचएमटी’ या नावाने वाण प्रसारित केले. नावाआधी जोडलेल्या विद्यापीठाच्या तीन आद्याक्षरांमुळे अधिकृत यादीत संस्थेची ओळख ठसली. घडवणाऱ्याचे श्रेय मात्र त्यातून दिसत नाही आणि ते त्यांना वेगळ्या मार्गाने, पुरस्कारांतून आणि लोकांच्या तोंडून मिळाले. उपसर्ग हे नोंदणीचे साधन आहे. त्याला मालकीचा किंवा कर्तृत्वाचा पुरावा मानले की अन्याय होतो.

आता मुद्दा प्रत्यक्ष तालुक्यात आणता येईल. ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झालेली राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर योजना पुढे भारतनेट झाली. महाराष्ट्रात तिच्या पहिल्या टप्प्याचे काम बीएसएनएलने केले. दुसऱ्या टप्प्यात राज्य सरकारच्या महाआयटीने महानेट या नावाने काम हाती घेतले. मूळ आखणी अशी की तालुक्याच्या ठिकाणी ओएलटी हे मुख्य यंत्र बसवायचे, तिथून निघालेला फायबर वाटेतल्या स्प्लिटरमध्ये विभागायचा आणि प्रत्येक ग्रामपंचायतीत ओएनटी हे छोटे यंत्र ठेवायचे. या पद्धतीला जीपॉन म्हणतात. वाटेत वीज लागत नाही, हा तिचा मोठा गुण.

सिंदेवाही तालुक्यातल्या वासेरा किंवा गुंजेवाहीसारख्या ग्रामपंचायतीतला ओएनटी बंद पडला असे समजू. देखरेखीच्या पडद्यावर तो लाल होतो. कारणे मुख्यतः दोन असतात: गावची वीज गेली आणि बॅटरी संपली, किंवा रस्त्याच्या खोदकामात फायबर तुटला. पहिल्यात वाट पाहायची किंवा महावितरणला कळवायचे. दुसऱ्यात फायबर जोडणारी तुकडी पाठवायची. हा ब्रह्मपुरी वनविभागाचा मुलूख आहे, माणूस आणि वाघ यांच्या संघर्षाने पोळलेला. सूर्य मावळल्यावर जंगलातल्या रस्त्याकडेला तुटलेली तार शोधायला माणसे पाठवण्याआधी कारण नेमके कळणे हा जिवाचा प्रश्न असतो.

यंत्राला कारण माहीत असते. वीज जाताना ओएनटी उरलेल्या क्षणभराच्या ऊर्जेवर ‘डाइंग गॅस्प’ नावाचा निरोप ओएलटीकडे पाठवतो. फायबर तुटला तर तसा निरोप न येता प्रकाशच नाहीसा होतो. दोन्ही खुणा ओएलटीपर्यंत पोचतात आणि ओएलटी व ओएनटी यांच्यातली भाषा आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या जी.९८८ या मानकाने सामाईक ठेवली आहे. त्या मानकानेही वस्तूंच्या वर्गक्रमांकांत २४० ते २५५ हा पट्टा कंपन्यांच्या खासगी वापरासाठी राखला, म्हणजे तिथेही दोन्ही चौकटी शेजारी शेजारी आहेत. खरी अडचण पुढच्या टप्प्यावर आहे, ओएलटीकडून देखरेखीच्या सॉफ्टवेअरकडे जाताना. दुसऱ्या एका पॉन पद्धतीसाठी, इपॉनसाठी, इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेने २००७ मध्ये आरएफसी ४८३७ काढून सामाईक नावे दिली. जीपॉनसाठी तशी आरएफसी निघाली नाही. त्यामुळे एसएनएमपीच्या वाटेने जाणारी जीपॉनची जवळजवळ सगळी मोलाची माहिती, ओएनटीला मिळणाऱ्या प्रकाशाची ताकद, बंद पडण्याचे कारण, यंत्राचे ओएलटीपासूनचे अंतर, प्रत्येक कंपनीच्या खासगी फांदीत गेली. सामाईक फांदीत विचारले तर ओएलटीचे पोर्ट चालू आहे एवढेच कळते.

म्हणून इथे खासगी नावांना दोष देऊन चालत नाही. सामाईक नाव नसताना कंपनीने ती माहिती खासगी फांदीत ठेवली नसती तर ती मिळालीच नसती. दोष आहे तो त्या नावांचे कोष्टक, म्हणजे मिब फाइल, ग्राहकाच्या हाती न देण्याचा. ज्या खरेदीत यंत्र मिळते पण त्याची मिब फाइल मिळत नाही, त्या खरेदीत अर्धेच यंत्र हाती येते. लिब्रेएनएमएससारखे देखरेखीचे मुक्त सॉफ्टवेअर आपल्यासोबत अनेक कंपन्यांच्या मिब फाइल घेऊन येते. स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षे राबून जमवलेला तो साठा पाहिला की खासगी नावांची एकूण किंमत कळते.

आधी प्रयोग म्हणून खासगी नाव द्यावे आणि ते रुळले की सामाईक करावे, असा मधला मार्ग सुचणे साहजिक आहे. झाडातली ३ ही प्रयोगाची फांदी त्यासाठीच होती. अनुभव मात्र वाईट आला. प्रयोगाच्या फांदीवरचे नाव यशस्वी झाले की तोवर ते हजारो यंत्रांत शिरलेले असते. त्याला मान्य फांदीवर हलवले की नाव बदलते आणि जुने-नवे दोन्ही कायम सांभाळावे लागतात. इंटरनेटच्या इतर मानकांत प्रयोगाच्या नावापुढे ‘एक्स-’ लावण्याची पद्धत होती. तिचीही हीच गत झाली आणि जून २०१२ मध्ये आरएफसी ६६४८ ने ती नव्या नावांसाठी बंद करण्याची शिफारस केली. तात्पुरते नाव यशस्वी झाले की कायमचे होते. नाव देतानाच ते कायमचे असेल असे धरून चालावे, हा यातला धडा आहे.

याच धड्याची दुसरी बाजू एकेका संगणकावर चालणाऱ्या नेटवर्क सॉफ्टवेअरमध्ये दिसते. लिनक्सवर असे कार्यक्रम डी-बस या यंत्रणेतून एकमेकांना हाक मारतात आणि तिथली नावे इंटरनेटच्या डोमेनवरून उलट्या क्रमाने बनतात. नेटवर्कची जोडणी सांभाळणाऱ्या, २००४ मध्ये सुरू झालेल्या नेटवर्कमॅनेजरने ‘ऑर्ग.फ्रीडेस्कटॉप’ या अनेक प्रकल्पांच्या सामाईक छत्राखाली नाव घेतले आणि ते आजही तसेच आहे. त्याच कामासाठीच्या इंटेलच्या कॉनमॅनने मोब्लिन या तेव्हाच्या प्रकल्पाचे डोमेन वापरले. २०१० मध्ये मोब्लिन मीगोमध्ये विलीन झाला आणि कॉनमॅनला स्वतःच्या डोमेनखाली नवे नाव घ्यावे लागले. वायफायची जोडणी करणाऱ्या डब्ल्यूपीए सप्लिकंटचे पहिले नाव एका डोमेनवर होते, नंतरचे दुसऱ्या. या तिन्ही उदाहरणांत सामाईक-खासगी या भेदापेक्षा छत्र किती टिकाऊ हेच निर्णायक ठरले. चालू असलेल्या उत्पादनाचे किंवा मोहिमेचे नाव उपसर्गात घालणे ही हमखास पस्तावण्याची वाट आहे. सरकारी कामात हा मोह फार होतो, कारण योजनांची नावे बदलत राहतात. यंत्राच्या नावात योजनेचे नाव घातले की योजना संपल्यावर ते नाव निरर्थक होते, पण काढता येत नाही.

फ्रीडेस्कटॉपच्या छत्राखालचे मोडेममॅनेजर २०१३ मध्ये पूर्ण बदलले तेव्हा त्याने नावाच्या शेवटी १ हा अंक जोडला. जुने नाव जुन्या अर्थासह वेगळे राहिले, नवे नाव नव्या अर्थाने सुरू झाले. आवृत्ती नावातच ठेवण्याची ही युक्ती दोन्ही चौकटींत उपयोगी पडते.

एसएनएमपीने माहिती वाचता येते, पण यंत्राची रचना बदलायला ते अपुरे पडले. म्हणून २००६ मध्ये नेटकॉन्फ ही पद्धत आली आणि तिच्यासाठी २०१० मध्ये आरएफसी ६०२० ने यांग ही वर्णनाची भाषा दिली. तिची सुधारित आवृत्ती आरएफसी ७९५०, २०१६ ची. यांगमध्ये प्रत्येक मॉड्यूल स्वतःची नेमस्पेस एका पत्त्याच्या रूपात जाहीर करते. आयईटीएफची मॉड्यूल एका ठरलेल्या उपसर्गाखाली आयानाकडे नोंदवली जातात. कंपनी आपले डोमेन वापरू शकते. इथे महत्त्वाची नवी सोय आली. कंपनी सामाईक मॉड्यूलच्या आतल्या फांदीवर आपले खासगी पान जोडू शकते, त्याला ऑगमेंट म्हणतात, आणि सामाईक मॉड्यूलमधले काय आपण पाळत नाही हे डेव्हिएशनच्या रूपाने उघड सांगू शकते. पोर्टचे सामाईक वर्णन आणि त्या पोर्टबद्दलची कंपनीची खास माहिती एकाच जागी वाचता येते. जुन्या झाडात या दोन गोष्टी दूरच्या दोन फांद्यांवर असत आणि त्या जोडण्याचे काम सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यावर पडे. सामाईक की खासगी हा प्रश्न यांगने बराच सौम्य केला, हे मान्य करायला हवे.

पण त्याच वेळी सामाईक चौकटीच अनेक झाल्या. पोर्टसाठी आयईटीएफचे मॉड्यूल आहे, २०१४ च्या आरएफसी ७२२३ मधले आणि २०१८ मध्ये आरएफसी ८३४३ ने बदललेले. मोठ्या नेटवर्क-चालकांनी एकत्र येऊन ओपनकॉन्फिग सुरू केले, त्यांचेही पोर्टचे मॉड्यूल आहे. एकाच यंत्रावर दोन्ही असू शकतात आणि एकच पोर्ट दोनदा मोजले जाऊ शकते. ब्रॉडबँड क्षेत्रातल्या कंपन्यांच्या ब्रॉडबँड फोरम या संघटनेने २०१९ मध्ये टीआर-३८५ हे मानक काढून जीपॉन आणि तिच्या पुढच्या पिढ्यांसाठी यांग मॉड्यूल दिली; एसएनएमपीच्या काळात राहिलेली पोकळी त्याने उशिरा भरली. जुन्या ओएलटींना त्याचा लाभ होत नाही. नव्या खरेदीत मात्र ते मागता येते.

नावांचा आणखी एक थर उरतो आणि जिल्ह्याच्या पातळीवर तोच सगळ्यात दुर्लक्षित आहे. मोजणीचे नाव सामाईक असले तरी ज्या यंत्राची मोजणी केली ते यंत्र कोणते? आयपी पत्त्यावर विसंबता येत नाही. १९९६ च्या आरएफसी १९१८ नुसार १०, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८ ने सुरू होणारे तीन पट्टे कोणालाही खासगी वापरासाठी मोकळे आहेत आणि दोन कंत्राटदारांनी दोन तालुक्यांत तेच पत्ते दिले तर देखरेखीच्या सॉफ्टवेअरला दोन यंत्रे एकच वाटतात. यंत्राच्या अनुक्रमांकाची रचना जास्त भरवशाची आहे. जीपॉनच्या अनुक्रमांकात पहिली चार अक्षरे कंपनीची नोंदवलेली खूण असतात आणि उरलेला भाग कंपनी ठरवते. सामाईक आणि खासगी यांचा तो उत्तम मिलाफ आहे. पण यंत्र बदलले की अनुक्रमांक बदलतो. ग्रामपंचायत तीच राहते.

इथे ठिकाणाचे नाव लागते, आणि ते रोमन लिपीत लिहिलेले गावाचे नाव असून चालत नाही. सिंदेवाहीच्या शेवटून दुसऱ्या अक्षरासाठी कोणी एक रोमन अक्षर वापरतो, कोणी दुसरे. मेंढ्याचा कंस एका यादीत असतो, दुसरीत गळतो. कंत्राटदाराने आपल्या सोयीने दिलेला साइट क्रमांक कंत्राट संपेपर्यंतच अर्थ टिकवतो. केंद्रीय पंचायत राज मंत्रालयाची लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी (एलजीडी) प्रत्येक जिल्हा, तालुका, गाव आणि ग्रामपंचायतीला संकेतांक देते. हाच सामाईक उपसर्ग यंत्राच्या नावात असायला हवा. ग्रामपंचायतीही बदलतात. सिंदेवाही आणि लोनवाही ही दोन नावे आता एकाच नगरपंचायतीच्या नावात जोडून येतात. असे बदल संकेतांकाच्या यादीत सरकारी निर्णयाने नोंदले जातात, कंत्राटदाराच्या खासगी तक्त्यात मात्र ते कोणी नोंदवेलच याची खात्री नसते.

या सगळ्यावरून व्यवहारातले काही नियम निघतात. ज्या गोष्टींवरून सेवेचा हिशेब होतो, म्हणजे यंत्र चालू होते की बंद, किती वेळ बंद होते, किती बाइट गेले, त्या सामाईक नावांनीच वाचल्या जाव्यात. दंड किंवा देयक कंपनीच्या खासगी आकड्यावर ठरू नये. दुरुस्तीसाठी लागणारी खोल माहिती खासगी फांदीत असली तर हरकत नाही, फांदी नोंदलेली आणि तिचे कोष्टक खुले असले पाहिजे. आणि देखरेखीच्या सॉफ्टवेअरने कोणत्याही कंपनीचे नाव आपल्या आतल्या रचनेत शिरू देऊ नये. प्रत्येक कंपनीच्या नावाचे भाषांतर सीमेवर करून आत एकच तटस्थ नाव ठेवावे. तो भाषांतराचा तक्ता लिहायला सुरुवातीला वेळ जातो, पण पुढची कंपनी आली की त्यात एक स्तंभ वाढवून भागते.

केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२३ मध्ये १,३९,५७९ कोटी रुपयांचा सुधारित भारतनेट कार्यक्रम मंजूर केला. त्यात तालुका आणि ग्रामपंचायती राउटरच्या साखळीने वर्तुळाकार जोडायच्या आहेत आणि देखभालीची मुदत दहा वर्षांची आहे. या यंत्रांची नावे आता पडत आहेत. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जिल्हा परिषदांनी, तालुक्यांच्या अभियंत्यांनी आणि जागरूक सरपंचांनी काम स्वीकारण्याच्या दिवशी दोन वस्तू हक्काने मागाव्यात: प्रत्येक यंत्राच्या मिब फाइल व यांग मॉड्यूल, आणि प्रत्येक यंत्र कोणत्या एलजीडी संकेतांकाच्या ग्रामपंचायतीत आहे याची यादी. दोन्ही मिळाल्याशिवाय स्वीकृतीच्या कागदावर सही करू नये.